आभाळ वजा करणारे शेडगेमामा

पौडच्या हार्डवेअरच्या दुकानात मी नळाचा वायसर घ्यायला उभी होते. माझ्या पुढे पांढरा शर्ट आणि गमबूट घातलेले एक गृहस्थ होते, हातात नायलॉनची पिशवी. त्यांनी दाढीच्या पात्यांचं पाकीट घेतलं आणि मग सहा टेस्टर मागितले. घरात बटणात वीज आहे की नाही ते बघायला आपण ठेवतो ते, पिवळ्या मुठीचे.

"सहा कशाला मामा? वायरमनचं काम घेतलं का काय?" दुकानदाराने विचारलं.

"आतला बारका दिवा पायजे. निऑनचा. सहातला एखादा तरी नीट निघंल."

"आन् पाती? दाढी तर न्हाव्याकडं करता तुमी."

"दोन पात्यांची फट करायचीय."

दुकानदाराने माझ्याकडे बघून मान हलवली, म्हणजे 'असंच असतं यांचं.' पण मला हसू येईना. दिव्यासमोर टेस्टर धरून एक डोळा बारीक करायची ती पद्धत मी पाहिलेली होती. मी म्हटलं, "शेडगेमामा ना?"

त्यांनी वळून माझ्याकडे नीट पाहिलं. "स्पेक्ट्रोमीटर तीन नंबर," ते म्हणाले. "मंगळवारची बॅच. नाव न्हाई ध्यानात."

मी रोहिणी. नाव त्यांच्या लक्षात नसणं साहजिकच होतं. आमच्या पुण्यातल्या कॉलेजात कुशाबा शेडगे भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत परिचर होते, एकतीस वर्षं. वर्षाला दीडशे मुलं त्यांच्या हाताखालून जायची. उपकरणं काढून ठेवायची, दिवे लावायचे, भिंगं पुसायची, संध्याकाळी पुन्हा कपाटात घालायची. आम्ही त्यांना मामा म्हणायचो, पण ते 'मामा, दिवा लागत नाही' इतपतच.

मला मात्र त्यांची एक गोष्ट आठवत होती. शेवटच्या वर्षाला ग्रेटिंगचा प्रयोग असतो. काचेवर हजारो बारीक रेघा मारलेल्या असतात, तिच्यातून सोडियमच्या दिव्याचा पिवळा उजेड पाहायचा आणि त्याची तरंगलांबी काढायची. उत्तर पुस्तकात छापलेलं असतं, पाच हजार आठशे त्र्याण्णव. एकदा आमच्या अख्ख्या बॅचचं उत्तर पाच हजार आठशे नव्वद ते पंचाण्णवच्या आत आलं. सरांनी सह्या केल्या. आवराआवर करताना मामा माझ्या टेबलापाशी आले आणि हळूच म्हणाले, "पंधरा हजार रेघांच्या काचा सोमवारी फुटल्या. आज दहा हजारांची लावलीय सगळीकडं. फळ्यावर लिवायचं ऱ्हायलं माज्याकडनं. तरी तुमा सगळ्यांचं उत्तर बरोबर कसं आलं ओ?"

माझे कान गरम झाले. आम्ही सगळ्यांनी उत्तरावरून उलटं गणित करून वाचनं लिहिली होती, आणि आमच्या भाषेत त्याला 'कुकिंग' म्हणत. मामा सरांकडे गेले नाहीत. त्यांनी दिवा परत लावला आणि म्हणाले, "आलाच हायेत तर बगून तरी जावा." मी दुर्बिणीला डोळा लावला. एक पिवळी रेघ असेल असं मला तीन वर्षं वाटत होतं. तिथे दोन होत्या, अगदी जवळजवळ, केसाएवढी फट मध्ये.

त्यानंतर लग्न झालं, संसार झाला. पदवीचा उपयोग मुलीच्या दहावीपर्यंत झाला. सहा वर्षांपूर्वी आम्ही भुकूमला नव्या सोसायटीत राहायला आलो आणि पौड आमचा बाजार झाला. तिथे हे मामा असे भेटले.

त्यांनी घरी बोलावलं, मी गेले. मामांचं गाव धरणाच्या कडेला, मुळशीच्या पुढे. निवृत्तीनंतर ते तिथल्या घरी परतले होते. घराला लागून स्लॅबच्या दोन खोल्या, त्या रिसॉर्टमधल्या मुलांना भाड्याने दिलेल्या. त्या खोल्यांच्या गच्चीवर पत्र्याची एक शेड होती आणि तिचं छप्पर दोरी ओढली की बाजूला सरकायचं. आत आठ इंची दुर्बीण. तिच्या शेपटाला स्टीलचा जेवणाचा डबा बसवलेला, आतून काळा रंग दिलेला. डब्यात दोन पात्यांच्या धारा समोरासमोर ठेवून केलेली फट, पलीकडे ग्रेटिंग, टोकाला कॅमेरा, आणि कडेला टेस्टरमधून काढलेला निऑनचा दिवा. निऑनच्या लाल रेषा कुठे पडतात हे ठरलेलं असतं, त्यामुळे त्यांच्यावरून बाकीच्या रेषांची जागा मोजता येते. पट्टीवरच्या खुणांसारखं.

"हे सगळं तुम्ही केलंत?" मी विचारलं.

"दुसरं करनार कोन? डबा हिचा हाय," मामा म्हणाले.

"दिला न्हवता मी, नेला," खालून मामींचा आवाज आला. तुळजाबाई मामींना खालूनही सगळं ऐकू येतं. "माहेरचा डबा माजा. आता त्यात तारं भरत्यात."

तारा मात्र एकच होता. उत्तर मुकुट नावाचा अर्ध्या बांगडीसारखा एक लहान तारकासमूह आहे. बांगडीच्या जरा बाहेर एक तारा आहे, नुसत्या डोळ्यांना न दिसणारा. खरं तर ते दोन तारे आहेत. एक लाल, फुगलेला, म्हातारा. दुसरा विझत आलेला, पृथ्वीएवढाच, पण अतिशय जड. मामा सांगायचे, "धाकटा थोरल्याच्या अंगावरचं वढून घेतो. साठतंय, साठतंय, मग एक दिवस भडका. पन मरत न्हाई. निवला की परत साठवाय लागतो." १८६६ साली तो असा भडकला, मग १९४६ साली. दर ऐंशी वर्षांनी. फुटला की काही दिवस साध्या डोळ्यांना दिसतो आणि पुन्हा बुडतो. पेपरात 'आता फुटणार' अशा बातम्या दोन-तीनदा येऊन गेल्या, पण तो काही फुटला नव्हता.

मामांचा जन्म एकसष्टचा. ही खेप गेली तर पुढची त्यांच्या वाट्याची नव्हती. हे ते कधी बोलले नाहीत, पण चार वर्षं ते निरभ्र संध्याकाळ चुकवत नव्हते. भाचीच्या हळदीतून उठून आले होते. मामी म्हणायच्या, "चालले सवतीकडं. बरी हाय बया, लांब ऱ्हाती, चहा मागत न्हाई."

कॉम्प्युटरचं मात्र मामांना जमत नव्हतं. ते काम माझ्याकडे आलं. ते फोटो पाठवायचे, मी भुकूमला कूकर लावता लावता लॅपटॉपवर त्याचा आलेख करायचे आणि परदेशातल्या एका संग्रहात त्यांच्या नावाने चढवायचे. जगभरातले हौशी निरीक्षक तिथे आपली निरीक्षणं ठेवतात. आलेखात हायड्रोजनची लाल रेषा काडीसारखी उभी दिसायची; तारा फुटला की ती फुगून रुंद होते.

त्यातली एक पायरी सांगायला हवी, कारण पुढे सगळं तिच्यावर अडलं. फट उभी असते. ताऱ्याचा ठिपका तिच्या मधोमध धरायचा. तिच्या वरच्या आणि खालच्या भागात नुसतं आभाळ येतं. उजेडाचा रंगीत पट्टा झाला की तारा त्यात मधल्या दोऱ्यासारखा दिसतो आणि आभाळाचा उजेड वरपासून खालपर्यंत पसरतो. आभाळ कधीच पूर्ण काळं नसतं, रस्त्यावरचे दिवे असतात, चंद्र असतो. म्हणून वरच्या-खालच्या रिकाम्या जागेचा उजेड आधी मोजायचा आणि ताऱ्यातून काढून टाकायचा. मामा त्याला आभाळ वजा करणं म्हणत. फोटो पाठवला की त्यांचा फोन यायचा, "वजा केलं का?" रोज. मला कधी कधी राग यायचा, मीठ घातलं का विचारणाऱ्या सासूचा यावा तसा.

या आलेखांमुळे ऋतिका मामांकडे आली. ती लवळ्याच्या एका विद्यापीठात शिकवते. पस्तिशीची, जीन्सवर कुर्ता, पाठीवर सॅक. चिखलातून गच्चीपर्यंत आली आणि डबा बघून खाली बसलीच. "काका, तुमच्या निरीक्षणांत खंड नाही," ती म्हणाली. "माझ्याकडे युरोपातली आहेत, जपानची आहेत. आपल्या बाजूला अंधार असतो तेव्हा एवढं सलग कोणी करत नाही."

मग तिने आपलं काम सांगितलं. परदेशातल्या एका मोठ्या दुर्बिणीवर तिच्या गटाला वर्षातून मोजक्या रात्री मिळतात. तिचा विद्यार्थी निषाद तिथे फार दूरच्या दीर्घिका बघतो. तिथला उजेड निघाला तेव्हा सूर्यसुद्धा नव्हता. त्या उजेडात अगदी पुसट खाचा असतात, त्यावरून तिथल्या वायूत हायड्रोजनचे रेणू होते का ते कळतं. रेणू असले की वायू थंड, आणि थंड वायूतून तारे जन्मतात. पण उजेड इतका कमी की अख्खी रात्र एकाच जागी रोखून धरावी लागते. मध्ये तुकडा पडला तर ती रात्र वाया.

"आणि हा तारा फुटला," ऋतिका म्हणाली, "तर नियम असा की दुर्बीण सगळं सोडून याच्याकडे वळते. पहिल्या तासांत जे दिसतं ते पुन्हा ऐंशी वर्षं दिसणार नाही. तिकडच्या रात्रीची यादी आपल्या रात्री दहाला पक्की होते. म्हणून काका, तुम्हाला काही वेगळं दिसलं तर मला थेट फोन करा. मी तुमच्या शब्दावर दुर्बीण फिरवायला सांगेन."

 ती गेल्यावर मामा जिन्यात उभे राहून मला म्हणाले, "माज्या शब्दावर म्हणल्या का त्या?"

"हो मामा."

"एकतीस वर्सं मी फकस्त 'दिवा लागला सर' येवढंच सांगत आलो," ते म्हणाले, आणि शेडला कुलूप लावलं, मग उघडून परत लावलं.

मे महिन्यात मामींनी मला आमरसाला बोलावलं. माझ्या यजमानांना पुढे काम होतं, ते मला मामांकडे मुक्कामाला सोडून गेले. दुपारभर ऊन, संध्याकाळी पश्चिमेला वळिवाचे ढग आणि हवेत धूळ. साडेआठला मामा म्हणाले, "पूर्वेला जरा उघडं हाय. दहा मिनटं मिळतील." आम्ही वर गेलो. कॅमेऱ्याने दहा मिनिटं उजेड गोळा केला आणि तेवढ्यात पांढरी साय चढावी तसा ढग ताऱ्यावर आला. मामांनी छप्पर ओढलं.

मी लॅपटॉप उघडला. घाईत होते. ढग आल्याने दुसरा फोटो मिळणार नव्हता, म्हणून आहे त्याचाच झटकन आलेख काढला. पडद्यावर रेघ उमटली आणि हायड्रोजनची लाल रेषा जिथे रोज काडीसारखी उभी असायची तिथे डोंगर होता. रुंद, फुगलेला, बाकी सगळ्याच्या वर. पुस्तकात फुटलेल्या ताऱ्याचं चित्र असतं, अगदी तसा.

"मामा," मी म्हटलं. मी लॅपटॉप त्यांच्याकडे फिरवला.

त्यांनी चष्मा लावला, काढला, पुसला, परत लावला. "जागा?"

मी निऑनच्या खुणांवरून पाहिलं. हायड्रोजनच्या जागेपेक्षा डोंगर जरा लाल बाजूला सरकला होता. "पण वायू वेगाने पळत असला तर रेषा सरकते," मी म्हटलं. ते मला इतकं हवं होतं की पाठ केलेलं तोंडून आपोआप आलं.

मामांनी फोन काढला. नंबर दोनदा चुकला. "मॅडम, मी शेडगे बोलतोय. रेषा फुगलीय. व्हय, तांबडी. लई रुंद." पलीकडून ऋतिकाचा आवाज मलाही ऐकू आला. तिने विचारलं, "नक्की काका?" मामा म्हणाले, "व्हय." नऊला दहा मिनिटं कमी होती.

फोन ठेवून मामा जमिनीवरच बसले. मग उठले आणि त्यांनी वही काढली. वहीत ते प्रत्येक निरीक्षणाचे तेच रकाने भरतात. तारीख, वेळ, वारा, आभाळाचा रंग. पहिले तीन भरून झाले आणि चौथ्यापाशी पेन थांबलं. "रंग बगितला न्हाई मी," ते म्हणाले, आणि छपराची दोरी ओढून बाहेर डोकावले. बराच वेळ डोकावत राहिले.

"तुळजा," त्यांनी खाली हाक मारली, "पूर्वेला आभाळ तांबूस का दिसतंय गं?"

"पप्पूनं आजच लावल्यात दिवं," मामी खालून म्हणाल्या. "टेकाडाच्या पल्याड, शेवंतीला. सकाळीच सांगून गेला न्हाई का, तात्या या बगायला. तुमचं ध्यान कुटं असतं?"

पप्पू मामांचा पुतण्या. त्याने टेकडीच्या मागे पॉलीहाऊस टाकलं होतं. दिवे मामांच्या गच्चीवरून दिसत नव्हते, पण त्यांचा उजेड हवेतल्या धुळीवर आणि ढगावर पसरला होता.

मामा खाली बसले. "ताई, मूळ फोटो काढा. आलेख नगं. पट्टा."

मी काढला. मधोमध ताऱ्याचा दोरा होता. आणि लाल भागातला तो डोंगर दोऱ्यापुरता नव्हता. पट्ट्याच्या वरच्या कडेपासून खालच्या कडेपर्यंत लाल पडदा सोडल्यासारखा तो उभा होता. रिकाम्या जागेतही तेवढाच. मी आभाळ वजा केलेलंच नव्हतं, आणि चार वर्षांत पहिल्यांदा मामांनीही विचारलं नव्हतं.

मी वजा केलं. डोंगर गेला. रोजची काडी उरली, जराशी खरखरीत.

"माझं चुकलं मामा," मी म्हणाले.

"फोन मी लावला," ते म्हणाले.

घड्याळात सव्वानऊ झाले होते. मला वाईट विचार सुचत होते, आणि ते मी बोलूनही दाखवले. म्हटलं, फोटो एकच आहे, ढगातून घेतलेला, खरखरीत. आभाळाच्या लालीखाली ताऱ्याचं स्वतःचं काही वाढलेलं असलंच तर? अर्धा तास थांबू, ढग सरकेल, तारा दिसला तर नक्की कळेल. आत्ताच फोन करून 'चुकलं' म्हटलं तर पुढच्या वेळी त्या तुमचं ऐकतील का?

मामा वही मिटून माझ्याकडे वळले. मग म्हणाले, "त्या पोराची रात हाय न्हवं तिकडं? त्या दीर्घिकावाल्याची?"

"हो, निषादची."

"त्याला परत कवा मिळंल?"

"त्या दीर्घिकेसाठी वर्षाने."

"मंग दहापर्यंत ढगाची वाट बगत बसू व्हय मी? ढग आपल्या सोयीनं सरकतोय का?"

आणि त्यांनी फोन लावला. या वेळी नंबर पहिल्या झटक्यात लागला. "मॅडम, शेडगे. मगाची रेषा ताऱ्याची न्हाई. आभाळाची हाय. हितं पॉलीहाऊसात तांबडं दिवं लागल्यात, त्येंचा उजेड. आमी वजा करायचं इसरलो. वजा केलं तर काय न्हाई उरत. आता ढग हाय, त्यामुळं फुटलाच न्हाई असं छातीठोक न्हाई सांगता येत. पन मी मगाशी व्हय म्हणलो, ते मागं घेतो."

 मग ऋतिका म्हणाली, "मी यादी बदलायला सांगून बसलेय काका. बघते," आणि फोन बंद झाला.

पुढची चाळीस मिनिटं कशी गेली ते सांगता येणार नाही. आमरस तसाच राहिला. मामी वर आल्या, आमची तोंडं पाहिली आणि काही न विचारता खाली गेल्या. दहा वाजायला पाच मिनिटं असताना ऋतिकाचा निरोप आला. दोनच शब्द. 'थांबवली. ठीक.'

दुर्बीण वळायची थांबली होती, पण ठीक म्हणजे नेमकं काय ते कळायला मार्ग नव्हता. रागावली असेल, की निषादची रात्र वाचली म्हणून सुटकेने लिहिलं असेल? मामांनी तो निरोप तीनदा वाचायला लावला आणि दिवा घालवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मामा पप्पूकडे गेले. मी परतायच्या आधी त्यांच्याबरोबर गेले. आत शेवंतीचे वाफे, वर माळेसारखे लाल दिवे. पप्पू म्हणाला, "रात मोठी झाली की शेवंतीला वाटतं आता फुलायचं. मग दांडा आखूड ऱ्हातो, बाजारात कोन घेत न्हाई. म्हणून तिला उजेड दावायचा. फुलाला फसवतो ओ तात्या, अजून दिस हाय म्हनून."

"फुलाचं न्हाई म्हाईत, मी फसलो काल," मामा म्हणाले.

सगळं ऐकल्यावर पप्पू कानकोंडा झाला. "बंद करू का तात्या, तुमच्या टायमाला?"

"येडा हायस का. पीक तुजं. मला फकस्त येळ लिवून दे, कवा लावतोस, कवा घालवतोस." तिथेच त्यांनी हातातला छोटा वर्णपटदर्शक दिव्यासमोर धरला, त्याच्या रेषेची जागा लिहून घेतली, आणि घरी आल्यावर तो कागद शेडच्या भिंतीला लावला.

पण त्यानंतर मामा गप्प झाले. निरीक्षणं चालू होती, आभाळ वजा होत होतं, आलेख संग्रहात जात होते. फक्त 'वजा केलं का' असा फोन येईनासा झाला. मीच फोन करून सांगायचे, "केलं मामा." ते म्हणायचे, "बरं." कॉलेजातल्या मामांचा तोच आवाज होता, 'दिवा लागला सर' म्हणणारा. ऋतिकाचाही फोन नव्हता. एकदा मी तिला पत्र लिहायला घेतलं, पण मग वाटलं, आपण कोण लिहिणार? मग पाऊस लागला आणि चार महिने छप्पर उघडलंच नाही. मुळशीच्या पावसात तारे कुठले, समोरचं धरणसुद्धा आठवडा-आठवडा दिसत नाही.

ऑक्टोबरच्या मध्यावर मी मामींचा डबा परत करायला गेले होते, गौरीत चिरोटे घालून आणलेला. सहाची वेळ. भात पिवळं पडायला लागलं होतं. मामा गच्चीवर छपराच्या चाकांना तेल घालत होते. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. पडद्यावर नाव बघून त्यांनी तो माझ्याकडे दिला, गरम तवा द्यावा तसा. मी स्पीकर लावला.

"काका, ऋतिका. जपानमधून एकाने कळवलंय. तारा वाढतोय म्हणतो. आता त्यांच्याकडे ढग आलेत. युरोपात अजून ऊन आहे. आता पुढचा अंधार तुमच्याकडेच होणार आहे. आभाळ कसं आहे?"

मामांनी पश्चिमेला पाहिलं. धरणाच्या पाण्यापलीकडे डोंगराची रांग, तिच्यावर स्वच्छ, निळसर उजेड. "उघडं हाय," ते म्हणाले. "पन तारा आठला डोंगराआड जाईल."

"निषादची आज दुसऱ्या दीर्घिकेची रात्र आहे," ऋतिका म्हणाली. "मी अजून काही बदललेलं नाही. तुमचं ऐकून ठरवते."

अंधार पडायला सात वाजले. मामांनी तारा फटीत धरला. दहा-दहा मिनिटांचे तीन फोटो घेतले. पप्पूचे दिवे आठला लागायचे, तरी मी आभाळ आधी वजा केलं आणि वजा केलेला उजेड वेगळा काढून त्यांना दाखवला. शेजारच्या दोन ताऱ्यांशी त्याची चमक ताडून पाहिली. मामा आलेखावर वाकले होते. मी त्यांच्या चेहऱ्याकडे पाहत होते. चार वर्षं ज्याची वाट पाहिली ते कोणीतरी दारात आणून ठेवलं होतं, फक्त हो म्हणायचं होतं.

रेषा काडीएवढीच होती.

मामांनी तिन्ही आलेख पुन्हा पाहिले. मग दुर्बिणीला डोळा लावून नुसताच तारा पाहिला, बराच वेळ. मग फोन घेतला.

"मॅडम, न्हाई. वाढला न्हाई. शेजारी दुसरा एक तारा हाय, जपानवाल्यानं गडबडीत तो धरला आसंल. आपला हाय तसाच हाय."

"नक्की काका?"

मामांनी डोळे मिटले. "व्हय. नक्की."

"ठीक आहे. मग यादी बदलत नाही. निषादला सांगते," ती म्हणाली. मग जराशी घुटमळली. "उद्या पण करू ना फोन, काही आलं तर?"

"करा की," मामा म्हणाले.

तारा डोंगराच्या कडेला टेकला आणि दिसेनासा झाला. मामांनी छप्पर ओढलं. आम्ही खाली आलो तर मामी ताटं मांडून बसल्या होत्या.

"फुटला का?" त्यांनी विचारलं.

"न्हाई."

"मग तोंड का आसं?"

मामा पाटावर बसले. "न्हाई म्हणाय लई जड गेलं," ते म्हणाले. "आन् तिनं ऐकलं गं. तिकडं ती येवढी मोठी दुर्बीण हाललीच न्हाई आज, मी न्हाई म्हणलो म्हनून."

"बरं झालं," मामी म्हणाल्या आणि त्यांच्या ताटात भात वाढला. "जेवा आता. उद्या परत बगायचंय न्हवं?"